रफूची उलट बाजू

लॉन्ड्रीच्या जिन्याखाली एक माणूस आणि एक दिवा मावेल एवढी जागा होती आणि तिथे रफूगार बसायचा. उभं राहिलं की डोकं जिन्याच्या पायरीला लागायचं, म्हणून तो सहसा उभा राहतच नसे. गिऱ्हाईक आलं की बसल्या जागेवरून हात पुढे करायचा, कपडा घ्यायचा, भोक उजेडाकडे धरायचा आणि चुकचुकायचा. कोटाला सिगारेटचं भोक असो, शालीला कसर लागलेली असो की कोऱ्या पँटचा गुडघा खिळ्याला अडकून फाटलेला असो, कपडा परत देताना त्याचं एकच वाक्य ठरलेलं, "शोधा आता कुठे होतं." आणि लोक खरंच शोधत बसायचे. त्याला त्यात भारी मजा वाटायची.

हे काम त्याला ताईने शिकवलं. ताई त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा ती जाणती होती आणि हा शेंबूड पुसायच्या वयाचा, त्यामुळे वाढवलं, शिकवलं, हाताला वळण लावलं, सगळं तिनेच. तिने त्याला सांगितलं की रफूला बाहेरचा धागा चालत नाही. कितीही जुळता वाटला तरी उन्हात गेल्यावर तो चुगली करतो. म्हणून त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून, धागे ओढून काढायचे आणि त्यांनी भोक विणून भरायचं, एक उभा, एक आडवा. धाकट्याने काम करून दाखवलं की ताई वरून बघायचीच नाही. हात पुढे करून म्हणायची, "उलट बाजू दाखव." वरून काय, कुणीही फसवेल, काम कसं झालंय ते उलट्या बाजूला कळतं, असं तिचं म्हणणं. मग बऱ्याच वर्षांनी एके दिवशी तिने त्याच्या हातून एक सदरा घेतला आणि न उलटताच घडी घालून गिऱ्हाइकाला दिला. त्या दिवशी धाकटा घरी येईपर्यंत शीळ घालत होता.

काळं कापड मात्र ती त्याला कधी देत नसे. काळ्यावर काळा धागा, त्यात दिवा मिणमिणता, डोळ्यांना धार लागायची. "काळं माझ्याकडे टाक," ती म्हणायची, "तुला अजून पुष्कळ बघायचंय." पुढे तिची नजर गेली. डॉक्टर म्हणाले, हा डोळ्यांतल्या दाबाचा आजार, कामाशी त्याचा संबंध नाही. डॉक्टर शिकलेला माणूस, खोटं कशाला सांगेल? तरीही एखाद्या वकिलाचा काळा कोट दुकानात आला की रफूगार तो सगळ्यांत खाली सरकवायचा, आणि त्यावर कुठल्या डॉक्टरकडे औषध नव्हतं.

नजर गेल्यावर ताईने रडारड केली नाही, एक शिरस्ता घातला. संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुऊन चहाचा कप घेऊन बसला की खिडकीजवळच्या खुर्चीतून ती विचारायची, "काय पाहिलंस आज?" माणसांचं तिला नको असायचं. माणसं तिला खिडकीतून भरपूर ऐकू यायची, त्यांची भांडणं तर जरा जास्तच. तिला हवं असायचं आभाळ, पाखरं, भिंतीच्या फटीतलं गवत, डबक्यात पडलेलं ऊन. आणि रंग सांगायचे ते कपड्यांत, कारण दोघांचा जन्म कपड्यांतच गेलेला. आभाळ निळं होतं एवढं तिला पुरत नसे. "कुणाचं निळं?" ती विचारायची. मग तो आठवून सांगायचा, पोस्टमनच्या जुन्या शर्टाचं, खिशाखालचं, जिथे ऊन लागलेलं नाही तिथलं. ताई मान मागे टेकायची. आतून रफूगाराची बायको म्हणायची, "ह्या घरात आभाळसुद्धा मापाने आणतात."

सगळ्यांत लाडकं होतं ते कोपऱ्यावरचं झाड. लॉन्ड्रीकडून घराकडे वळताना किल्लीवाल्याच्या टपरीशेजारी ते उभं होतं. त्याचं नाव दोघांनाही माहीत नव्हतं आणि कधी अडलंही नव्हतं. वर्षातून एकदा उन्हाळा चढायला लागला की ते अंगभर फुलायचं, पिवळंधमक, बँडवाल्याच्या कॉलरचं पिवळं. मग सुट्टीच्या दिवशी ताई धाकट्याचा हात धरून तिथे जायची आणि चेहरा वर करून उभी राहायची. फुलं गळायची ती तिच्या कपाळावर, खांद्यावर पडायची. एवढ्यासाठी ती वर्षभर वाट पाहायची, आणि तिचं मागणं म्हणाल तर तेवढंच होतं.

मग घरात फोन आला. फोन काय, सगळ्यांच्याच घरात आला, त्यात याचाच काय गुन्हा? दिवसभर भिंगाखाली धागे मोजून डोळे शिणलेले असायचे, त्यांना जरा विरंगुळा म्हणून घरी चालत येताना तो फोन उघडायचा. त्यात एक माणूस होता, तो अनवाणी पायांनी डोंगर चढायचा. नुसता चढायचा. मध्ये धबधबे, मध्ये फुलांची कुरणं, आणि मागे बासरी. रफूगाराला त्याचं वेड लागलं. रस्ता पायांच्या सवयीचा, डोळ्यांचं तिथे काही कामच नव्हतं. एकदा कोपऱ्यावर पडलेल्या फांदीत पाय अडकून तो कोलमडला. फोन उडून पडला तेव्हा त्याने आधी त्यावर झडप घातली. उचलून पाहिलं तर काचेला ओरखडाही नव्हता. तो तसाच पुढे निघाला, डोंगर अर्धा चढून व्हायचा होता.

ताईने पहिल्यांदा विचारलं आणि सांगायला काहीच नाही असं झालं, तेव्हा तो जरा गडबडला. पण रफूगारच तो. आत दुमडीत धागे भरपूर होते. त्याने मागच्या वर्षीची एक संध्याकाळ ओढून काढली, त्यात दोन ढग भरले आणि विणून दिली. ताईने मान मागे टेकली. त्याला थोडं चोरट्यासारखं वाटलं, मग कमी वाटलं, मग वाटेनासंच झालं. उलट कधीकधी आपल्या हातसफाईचं कौतुकही वाटायचं. शोधा आता कुठे होतं.

उन्हाळा चढला. खिडकीतून येणारा वारा गरम झाला तशी एके संध्याकाळी ताई म्हणाली, "झाड फुललं असेल रे."

"फुललंय की," तो म्हणाला. "खालच्या फांद्या आधी फुलल्यात. वरच्या अजून कळ्यांतच आहेत."

"पिवळं तेच का?"

"तेच. बँडवाल्याची कॉलर. कडेची, जिथे घाम लागलेला नाही तिथली."

पुढचे काही दिवस तिने दुसरं काही विचारलंच नाही. रोज झाड. आणि तो रोज थोडं थोडं फुलवत नेत होता, एका फांदीवर पाखरू बसवत होता, खाली सडा पाडत होता. शेवटी ती म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी घेऊन चल मला." तो सहज "चल की" म्हणाला. त्याला भीती वाटायचं काही कारण नव्हतं, कारण उन्हाळ्यात झाड फुलतं आणि हा उन्हाळा होता.

सुट्टीच्या सकाळी ताईने केस विंचरले, इस्त्रीचे कपडे घातले आणि एक मोठा रुमाल बरोबर घेतला, फुलं गोळा करायला. रस्ताभर ती बोलत होती. लॉन्ड्रीच्या साबणाचा वास आला, मग किल्लीवाल्याच्या कानशीची करकर ऐकू आली, तेव्हा तिने धाकट्याचा हात सोडला, चार पावलं एकटी पुढे गेली आणि नेहमीच्या जागी चेहरा वर करून उभी राहिली.

थोडा वेळ ती तशीच होती. मग म्हणाली, "इथे ऊन कसं रे?"

रफूगाराने वर पाहिलं. वर काहीच नव्हतं. नुसतं आभाळ, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि त्यातून गेलेल्या विजेच्या तारा. मग त्याने खाली पाहिलं. गुडघ्याच्या उंचीचा एक खुंट होता, वरून करवतीने सपाट कापलेला, त्यावर कुणीतरी चहाचा रिकामा कप ठेवलेला. कापलेलं लाकूड कधीच जुनं होऊन राखाडी पडलं होतं.

किल्लीवाला भला माणूस, त्याने कानस थांबवली. "ताई, झाड केव्हाच गेलं. गेल्या पावसाच्या आधी तोडलं, तारांत यायचं म्हणून. चार दिवस फांद्या पडून होत्या रस्त्यावर." मग सहज पुढे म्हणाला, "भाऊ तर रोज इथूनच जातात."

फांद्या. रफूगाराला ती अडखळलेली संध्याकाळ लख्ख आठवली. त्याच झाडाची फांदी त्याच्या पायात आली होती आणि त्याने वाकून काच तपासली होती.

"त्याला हात लाव माझा," ताई म्हणाली. त्याने तिचा हात खुंटावर नेला. तिने बोटांनी सगळी कड चाचपली, एखाद्या भोकाची चाचपतात तशी, आणि मग रुमालाची घडी घालून परत कमरेला खोचला.

घरी बायकोने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "कळलं का त्यांना?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलंच होतं एक दिवस कळणार."

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय? तोडलं त्याच दिवशी मी तुम्हाला सांगितलं की. तुम्ही 'हं' म्हणालात." त्याला ते आठवत नव्हतं, पण 'हं' त्याचंच वाटत होतं. बायको पुढे म्हणाली, "मग तुम्ही फुलांचं सांगायला लागलात तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, ताईंना वाईट वाटू नये म्हणून करताय. खरं सांगू? मला बरं वाटलं तेव्हा. इतकं कोण करतं बहिणीसाठी?"

त्याने पाण्याचा तांब्या उगाचच या जागेवरून त्या जागेवर ठेवला.

संध्याकाळी ताईने त्याला जवळ बोलावलं. तो खाली मान घालून गेला. ती रागावेल, निदान रडेल, असं त्याने धरलं होतं आणि त्यासाठी तो तयारही होता. पण तिने त्याचा हात हातात घेतला. "मी चिडले नाहीये रे धाकट्या," ती म्हणाली. "मला दुःख होऊ नये म्हणून इतके दिवस ते झाड उभं ठेवलंस ना?"

या घटकेला खरं बोलायला हवं होतं. त्याला कळत होतं. पण समोर आयतं दार उघडं होतं, आत उजेड होता, आणि माणसं त्याला चांगला समजत होती.

"हं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून ताईने विचारणं बंद केलं. चहा व्हायचा, कप खाली ठेवला जायचा आणि ती बायकोशी भाजीच्या गोष्टी करायची. एकदा त्याने उगाच घसा खाकरला, तेव्हा म्हणाली, "आता तुला जुळवाजुळव करत बसायला नको. दमून येतोस, निवांत चहा पी." शेजारीण आली की तिला मात्र सांगायची, "बाहेर तोडलेलं झाड माझ्या भावाने घरात वर्षभर जगवलं." शेजारीण त्याच्याकडे कौतुकाने बघायची आणि आपल्या भावांची नावं घेऊन उसासे टाकायची. रफूगार खिशातल्या फोनवर हात ठेवून बसलेला असायचा. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला त्या खुर्चीत समजलं.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एक दिवस दुकानात काळा कोट आला. कोपरावर भोक, कापड जुनं, धागा केसाएवढा. त्याने दिवा खाली ओढला, भिंग लावलं आणि दुमडीतून पहिला धागा काढला. थोड्याच वेळात डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने ते पुसलं, पुन्हा सुई धरली, पुन्हा पाणी. काळं माझ्याकडे टाक. तुला अजून पुष्कळ बघायचंय. तिने त्याचे डोळे जपून ठेवले होते, एखाद्याने चांगले कपडे पेटीत जपावेत तसे, आणि याने ते कुणाच्या तरी अनवाणी पायांवर घालवले. त्याला स्वतःची शिसारी आली. कोट अर्धा सोडून तो उठला, डोकं जिन्याच्या पायरीवर आपटलं, आणि भर दुपारी घरी आला.

ताई शेंगा सोलत बसली होती. पावलांवरून तिने ओळखलं. "आज लवकर?"

"ताई, मला माहीत नव्हतं," तो उभ्यानेच म्हणाला.

"काय?"

"झाड तोडलेलं. तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगितलं मी. मी रोज तिथून जात होतो आणि मला दिसलंच नाही. तुला ऊन लागलं तेव्हा मला कळलं."

तिचे हात थांबले. "मग कुठे बघत होतास?"

"फोनमध्ये."

"काय होतं त्यात?"

काहीतरी मोठं, अगदी नाइलाजाचं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. "डोंगर," तो म्हणाला. "एक माणूस डोंगर चढतो."

"कुठला डोंगर?"

"माहीत नाही."

शेंगांच्या टोपलीत तिची बोटं नुसतीच फिरत राहिली. "खोटं बोललास ते मी गिळलं होतं," ती शेवटी म्हणाली. "मला वाटायचं, निदान एक जोडी डोळे तर आहेत घरात." आणि मग जे तिने इतक्या वर्षांत एकदाही काढलं नव्हतं ते काढलं, तेही हळू आवाजात, "मी काळं कशाला घेत होते रे मग?"

तो दाराशी उभा राहिला आणि थोड्या वेळाने कोट पुरा करायला परत गेला.

त्यानंतर फोन दुकानाच्या खणात राहायला लागला. आता असं वाटेल की डोळे वर केल्याबरोबर त्याला सगळं जग सुंदर दिसायला लागलं. तसलं काही झालं नाही. सवय मोडली होती. पहिले काही दिवस त्याला फक्त टपऱ्या, तारा आणि कचऱ्याचे ढीग दिसले, आणि सारखा हात खिशाकडे जात होता. मग एकदा गटाराच्या कडेला उगवलेलं एक पान दिसलं, त्यावर पाण्याचा थेंब होता आणि त्यात अख्खी लॉन्ड्री उलटी लटकलेली. घरी येऊन त्याने विचारल्याशिवायच ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने ढगाची एक कड सांगितली, मास्तरांच्या मफलरची राखाडी. तो रोज सांगत राहिला, वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरासारखा चाचरत, आणि ती रोज दुसऱ्याच बाजूला तोंड करून ऐकत राहिली. ऐकत होती एवढं नक्की, कारण त्या वेळी ती बायकोला भांडी वाजवू देत नसे.

एका संध्याकाळी तो आला तो उत्साहाने. "त्या खुंटाच्या वर, तारेवर, दोन साळुंक्या बसल्यात. अगदी चिकटून. अजून असतील."

ताईने हात पुढे केला. रिकामा, तळवा वर करून. त्याला आधी कळेना काय हवंय.

"उलट बाजू दाखव," ती म्हणाली.

किती वर्षांनी ऐकलं त्याने ते. बोटाला सुई टोचल्यासारखं झालं.

"तोंडं कुठे होती त्यांची?" तिने विचारलं. "एकमेकींकडे, की दोघींची एकाच दिशेला?"

एकमेकींकडे, असं जिभेवर आलंच होतं. ऐकायला छान वाटलं असतं, आणि धागाही हाताशी होता, पूर्वी कधी पाहिलेल्या पाखरांचा. त्याने तोंड मिटलं.

"ते नाही पाहिलं," तो म्हणाला.

चहा तसाच ठेवून त्याने चपला अडकवल्या आणि जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेला. तार रिकामी होती. तो तिथे उभा राहून आळीपाळीने त्या तारेकडे, खुंटाकडे, वरच्या मोकळ्या आभाळाकडे बघत राहिला. किल्लीवाल्याने टपरी आवरता आवरता विचारलं, "काही हरवलंय का भाऊ?" रफूगार म्हणाला, "हो."

तो परत आला तेव्हा चहावर साय धरली होती.

"उडून गेल्या," तो म्हणाला. "तोंडं कुठे होती ते मला नाही सांगता येणार."

"बरं," ताई म्हणाली. "आणि आभाळ?"

"काळं होत आलंय. वकिलाच्या कोटाचं."

तिने आपली खुर्ची जराशी सरकवली. खिडकीशी आणखी एका माणसापुरती जागा झाली.

"बस इथे," ती म्हणाली. "पुरतं काळं होईपर्यंत बघ. काळं आता तुझ्याकडे."